बाई, तुम्ही 'येस' म्हणाला नव्हतात

बाई,

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. आज तुमच्या क्लेअरचा तिसऱ्यांदा फोन आला. येत्या शनिवारी आमच्या शाळेच्या त्याच हॉलमध्ये तुमच्या आठवणीसाठी चाळीसएक माणसं जमणार आहेत. मी तिथे उभं राहून तुमच्या 'त्या शांततेबद्दल' बोलावं, असा तिचा आग्रह आहे.

"नसीम, तू विंगेत होतीस. सगळ्यात जवळ. त्या वेळी ममच्या मनात काय चाललं होतं ते तूच सांगू शकतेस."

मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला.

बाई, त्या वेळी काय चाललं होतं ते मला माहीत आहे. तुम्ही वाक्य विसरला होतात. बस, एवढंच. हे तिघींना माहीत होतं: तुम्हाला, मला आणि माझ्या दहा वर्षांच्या हिबाला. क्लेअरला कळू द्यायचं नाही, असं वचन तुम्ही माझ्याकडून घेतलं होतंत. आता ते पाळायचं की मोडायचं, हे शनिवारच्या आत मलाच ठरवायचं आहे, आणि मी फार दमले आहे. म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. मराठीत लिहितेय, कारण दिवसभर ऑफिसात इंग्रजी लिहून झाल्यावर माझ्यात तेवढंच उरतं. तुम्हाला एक अक्षर कळलं नसतं. तुम्ही म्हणाला असतात, "मोठ्यानं वाच, आवाजावरून सांगते खरं बोलतेस की खोटं."

तुम्ही मला निवडलंत ते मला काही येत नाही म्हणून. शिक्षकांचे घसे बसतात म्हणून इथल्या, आखातातल्या आमच्या शाळेनं तुमचा आवाजाचा वर्ग ठेवला होता. 'ऑस्ट्रेलियाच्या चित्रपट व रंगभूमीवरील ज्येष्ठ अभिनेत्री' असं नोटीस बोर्डावर मीच टाइप करून लावलं होतं. मी अ‍ॅडमिशनच्या टेबलावरची, वर्गात फक्त हजेरी घ्यायला बसलेली. तुम्ही औषधाच्या खोक्यातला कागद प्रत्येकाला वाचायला दिलात. एकेक टीचर काय जीव ओतून वाचत होती! एकीला तर 'जेवणानंतर दोन वेळा' म्हणताना भरून आलं. शेवटी तुम्ही माझ्याकडे वळलात.

"मॅडम, मी टीचर नाही," मी म्हटलं.

"वाचता येतं ना?"

मी वाचलं. तलाठी सातबारा वाचतो तसं. तुम्ही टाळी वाजवलीत आणि सगळ्यांना सांगितलंत, "बघा, हिला अभिनय अजिबात येत नाही!" सगळे हसले. माझे कान तापले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. म्हसळ्याच्या मराठी शाळेतून निघून, रोज एसटीनं दीड तास जाऊन बी.ए. झाले, त्यातही इंग्रजी घेऊन. इतक्या माणसांसमोर मला काही येत नाही असं कुणी म्हटलेलं मला फार लागतं. पण वर्ग सुटल्यावर तुम्ही दारात माझी वाट बघत होतात.

"मंगळवारी आणि गुरुवारी मोकळी आहेस का? मला पुस्तक धरणारं कुणीतरी हवंय, आणि नट नको आहे."

असं माझं तुमच्या बाराव्या मजल्यावर येणं सुरू झालं. शाळा सुटली की बस, मग लिफ्ट, मग तुमचा चहा, त्यात दूध नावापुरतं. तुम्ही म्हणालात, मला आयरीन म्हण. मला जमेना. तुम्ही माझ्या अम्मीपेक्षा मोठ्या. शेवटी सांगितलं, आमच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईमाणसाला 'बाई' म्हणतात.

"बाई," तुम्ही म्हणून बघितलंत. "छोटं आहे. तालमीत वेळ वाचेल." त्यानंतर फोनवरही तुम्ही "बाई बोलतेय" म्हणायला लागलात. माझ्या मिस्टरांनी, मुश्ताकनी, एकदा माझा फोन उचलला आणि मला म्हणाले, "गावाकडनं कुणा बाईचा फोन आहे, पण इंग्रजी काय फाडते!"

घरी माझी थट्टा रोजची. "तुमच्या बाईंच्या नाटकात मला एखादा पार्ट आहे का विचारा."

"तुम्हाला एकच पार्ट येतो," मी म्हणायची. "घरी येऊन मासे कुठेत विचारणाऱ्याचा."

पुस्तक धरणं म्हणजे काय ते मला माहीत आहे असं मला वाटत होतं. आमच्या स्नेहसंमेलनात गुरुजी पडद्याआड उभे राहायचे आणि पोरगं अडलं की आख्खं वाक्य ओरडून सांगायचे. मागच्या रांगेला ते दोनदा ऐकू यायचं, एकदा गुरुजींकडून, एकदा पोराकडून. त्याचं कुणाला काही वाटत नसे. मी पहिल्या दिवशी तेच केलं. तुम्ही जराशा थांबलात की मी लगेच पुढचं वाक्य सांगायची. भीतीच बसलेली ना! वर्गात गप्प राहिलं म्हणजे येत नाही, आणि येत नाही म्हणजे छडी.

चौथ्यांदा तसं झाल्यावर तुम्ही खुर्चीत बसलात.

"नसीम, ती शांतता माझी होती. तू माझ्या घरात न विचारता घुसलीस."

मग तुम्ही नियम घालून दिलेत. एक, वाक्याचे पहिले दोनच शब्द द्यायचे. दोन, आवाजात काही भाव नको. तीन, माझ्या तोंडाकडे बघू नकोस, नटीचं तोंड खोटं बोलतं, पायांकडे बघ. मी मुद्दाम थांबले असेन तर माझा भार पुढच्या पावलावर असेल. मी विसरले असेन तर दोन्ही टाचांवर. आणि चौथा, सगळ्यात मोठा नियम: मी 'येस' म्हटल्याशिवाय काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

"आणि तुमचे पाय टाचांवर दिसले तर?"

"तरी नाही. तयार राहा. 'येस'ची वाट बघ."

हा नियम तुमच्या आयुष्यातून आला होता. सतराव्या वर्षी तुम्ही ट्रकमधून गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीत गेलात. पहिली दोन वर्षं कपड्यांना इस्त्री केलीत आणि पुस्तक धरलंत. कंपनीचा मुख्य नट एका जागी रंगून थांबला होता. तुम्ही घाईनं त्याला शब्द दिलात, तर त्यानं पडदा पडल्यावर तुम्हाला बूट फेकून मारला. "चुकवला," तुम्ही अभिमानानं सांगायचात. "मेंढरांच्या गावातली मी."

तुमचं गाव मला पाठ झालं होतं. एक खाणावळ, एक चर्च, रेल्वेचा एक रूळ आणि मैलोन्‌मैल मेंढ्या. तुमची आई लोकर कातरणाऱ्या मजुरांचा स्वयंपाक करायची. घरात शाळेची शेवटची परीक्षा दिलेल्या पहिल्या तुम्ही. हे ऐकलं तेव्हा मला एकदम तुमच्या शेजारी बसावंसं वाटलं. तोवर मी समोरच्या खुर्चीत बसायची. मी विचारलं, घरच्यांना आनंद झाला का? तुम्ही म्हणालात, "आई म्हणाली, आता तुला माझ्याशी काय बोलावं ते कळणार नाही." माझी अम्मी हे बोलली नव्हती, पण मी दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल लावते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मला ते दिसतं. त्या दिवशी आपण तालीम केलीच नाही. तुम्ही "खलास" म्हणालात आणि पुस्तक मिटलंत. अरबीतले दोनच शब्द तुम्ही उचलले होते. सुरुवातीला "यल्ला", शेवटी "खलास". तुमच्या मते नाटकाला त्याहून जास्त शब्द लागत नाहीत.

सिनेमाबद्दल तुम्ही कधी गंभीर झाला नाहीत. "मी पडद्यावर सहा वेळा मेले, दोनदा बुडून. मेल्यावर लवकर जेवायला सोडतात." एका रविवारी सुपरमार्केटमध्ये तुमच्याच देशाचा एक म्हातारा इंजिनियर कोबी टाकून तुमच्याकडे धावत आला. "तुम्ही पुरातल्या त्या बाई!" तुम्ही त्याच्याशी इतक्या गोड बोललात. तो गेल्यावर म्हणालात, "अकरा मिनिटांचं काम. पन्नास वर्षं रंगभूमीवर घासले, आणि माणसाच्या लक्षात मी बुडालेली आहे." चाळिशीनंतर सिनेमात तुम्हाला फक्त दारं उघडायची कामं मिळाली. देखणा हिरो घंटी वाजवणार, तुम्ही दार उघडून सांगणार, बाबा मागे बागेत आहेत. नवऱ्याबद्दल मी विचारलं तर एकच वाक्य. तो नाटकांचं लायटिंग करायचा. "त्यानं माझ्यावर प्रकाश चांगला टाकला." बस. आणि क्लेअर? ती होस्टेलला वाढली, तुम्ही दौऱ्यावर. "तिनं मला जास्तीत जास्त जवळून पाहिलंय ते तिसऱ्या रांगेतून," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी हसले. तुम्ही हसला नव्हतात.

म्हणून म्हातारपणी तिच्या व्हिसावर, तिच्या घरात राहायला आल्यावर तुम्ही ते एकटीचं नाटक लिहायला घेतलंत. तुमच्या आईचं. क्लेअरला कधी न भेटलेली तिची आजी तिला दाखवायची होती. क्लेअर बांधकाम कंपनीत इंजिनियर. सकाळी सहाला घरातून निघायची, संध्याकाळी यायची ती थकून. एका घरात राहून तुम्ही दोघी एकमेकींना चिठ्ठ्या लिहायचात. फ्रिजवरच्या त्या चिठ्ठ्या मी वाचायची.

आणि मी रोज बघत होते, तुमच्या टाचांवर भार जास्त वेळा जायला लागला होता. उन्हाळ्याच्या आधी एका तालमीत दोनदा 'येस' असायचं. सप्टेंबरमध्ये मी मोजणं सोडलं. एकदा तुम्ही चहा केलात आणि पाच मिनिटांनी पुन्हा केलात. दोन्ही कप माझ्यासमोर ठेवून म्हणालात, "आज तुला तहान जास्त आहे." मी दोन्ही प्यायले. मी एकदा म्हटलं, बाई, डॉक्टरांना... तुम्ही म्हणालात, "माझं वय झालंय, आणि मला आता आठवत बसण्याचा कंटाळा आलाय. पण हे एक नाटक होऊ दे. मग मी सगळं विसरायला मोकळी." मी मान हलवली. माझी मान लवकर हलते, बाई. शाळेत तीच शिकवली गेली.

ऑक्टोबरमधली ती संध्याकाळ. हॉल भरला होता. क्लेअर दुसऱ्या रांगेत, हिबा आणि मुश्ताक तिच्या मागे. पहिली चाळीस मिनिटं तुम्ही अशा काही होतात की माझं पुस्तकावरचं लक्ष उडत होतं. मजुरांना वाढणारी, त्यांना शिव्या घालणारी, एकीकडे पावाचं पीठ मळणारी तुमची आई मला माझ्याच गावातली वाटायला लागली. मग ती दारात येते आणि रस्त्याकडे बघत थांबते. पुस्तकात तिथे तुमच्याच अक्षरात लिहिलं होतं: तीन श्वास.

तीन झाले. चार. सहा. मी पायांकडे पाहिलं.

इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी तुम्हाला सांगितली नाही. तुमचे पाय मला स्वच्छ दिसत होते. दोन्ही टाचांवर भार होता. डाव्या पायाची बोटं तर जमिनीपासून उचललेली होती. दोन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. तुमच्यात आणि माझ्यात चार पावलांचं अंतर होतं. मी 'येस'ची वाट बघत राहिले. दहा श्वास. पंधरा. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. बाई, मला सगळं कळत होतं, आणि मी नियम पाळत होते.

मग तुम्ही हळूच जाऊन खुर्चीत बसलात आणि एकदम शेवटचं पान बोललात. मधली सात पानं गेली. कुणाला कळलं नाही. माणसं उभी राहिली, क्लेअर रडत होती. विंगेतून मला हिबा दिसत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, माझ्याकडे बघत होती. गाडीत बसल्यावर, मुश्ताक यायच्या आधी, तिनं विचारलं, "ममा, शी फरगॉट, राइट?" मी म्हटलं, गप बस. "आय वोन्ट टेल," ती म्हणाली. अजून तिनं कुणाला सांगितलेलं नाही.

पण त्याआधी तुमची मेकअपची खोली. बालवाडीचा वर्ग होता तो, आपण दोघी त्या टीचभर खुर्च्यांवर बसलो होतो. तुमचा मेकअप घामानं ओघळला होता.

"तू मला तिथे एकटीला सोडलंस," तुम्ही म्हणालात.

"तुम्ही 'येस' म्हणाला नव्हतात."

"'येस' म्हणायचं हेच मला आठवत नव्हतं, मुली."

मी म्हटलं, "मला वाटलं, पॉज आहे. मध्ये टेबल होतं, पाय दिसले नाहीत."

खोटं होतं ते. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. आवाजावरून तुम्हाला कळलं असणार. तेवढ्यात क्लेअर फुलं घेऊन आत आली. ती दारातच थांबली. "मम, ती शांतता! तू माझ्याकडे बघत होतीस. इतका वेळ. आयुष्यात पहिल्यांदा." आणि तुम्ही, बाई, तुम्ही एका क्षणात उठलात, चेहऱ्यावर सगळं परत आणलंत आणि म्हणालात, "आवडली ना तुला?" तिनं तुम्हाला मिठी मारली. तिच्या पाठीमागून तुम्ही माझं मनगट धरलंत, घट्ट. ती फुलं पाण्यात ठेवायला गेली तेव्हा म्हणालात, "तिला कधीही सांगायचं नाही. वचन दे." मी मान हलवली.

पुढचं सगळं त्या शांततेमुळेच झालं. क्लेअरनं ती सगळ्यांना सांगितली. तिच्या ऑफिसातल्यांनी ऐकली, कुणीतरी अल ऐन शहरातल्या एका हॉलबद्दल बोललं, आणि तिनं तुमच्या वाढदिवसाला तुम्हाला भेट म्हणून दुसरा प्रयोग ठरवून टाकला. पोस्टर छापून आणलं. पुढल्या महिन्याचं.

मी त्या मंगळवारी आले तेव्हा ते पोस्टर तुमच्या टेबलावर होतं आणि तुम्ही पहिल्याच पानावर तीनदा अडलात. मी धीर करून म्हटलं, "बाई, क्लेअरला सांगा. नाहीतर मी पुस्तक धरणार नाही."

"मला धमकी देतेस?"

"विनंती करतेय."

"तुझी विनंती फार उशिरा आली. चार पावलांवर होतीस तेव्हा हवी होती."

मला ते लागलं, कारण खरं होतं. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि निघाले. लिफ्ट येईपर्यंत तुम्ही दारात उभ्या होतात. तीन आठवडे मी आले नाही. दर मंगळवारी चार वाजता बसस्टॉपवर उभी राहायची आणि घरची बस पकडायची. मला वाटत होतं, तुम्ही बोलावाल. तेव्हाही मी वाटच बघत होते, बाई. मला दुसरं काही येतच नाही का?

मग क्लेअरचा फोन. दुपारी जेवून आडव्या झालात त्या उठलाच नाहीत. हृदय.

मी तुमच्यासाठी दुवा मागितली. कशी मागायची असते अशा वेळी मला माहीत नव्हतं. जी पाठ होती ती म्हटली.

इथवर बुधवारी लिहिलं होतं आणि ठरवलं होतं की वचन पाळायचं. शनिवारी चार चांगली वाक्यं बोलायची आणि घरी यायचं. माणूस गेल्यावर त्याची झाकली मूठ उघडू नये, असं, सगळं न सांगता विचारल्यावर, मुश्ताकचंही म्हणणं पडलं.

आज गुरुवार. शाळा सुटल्यावर पायांना सवय म्हणून असेल, तुमच्याकडे गेले. क्लेअर घरीच होती. ती तुमचे कपडे आवरत होती. आवरत म्हणजे, एक घडी घालायची आणि उलगडायची. चहा तिनं केला, तुमच्यासारखाच वाईट.

"तुला एक विचारू, नसीम? ती शेवटी माझ्यावर का चिडली होती?"

"कधी?"

"शेवटचे तीन आठवडे. अल ऐनचं नाव काढलं की ओरडायची. पोस्टर फाडलं तिनं. मला म्हणाली, तुला मी कोण ते कळलेलंच नाही. मी काय चुकीचं केलं? मी तर तिला तिचं नाटक दिलं होतं." ती तुमचा निळा स्कार्फ हातावर गुंडाळत होती. "ती माझा राग घेऊन गेली. मला झोप येत नाही."

मी कप खाली ठेवला. तिनं 'येस' म्हणून माझ्याकडे शब्द मागितला नव्हता, फक्त कारण विचारलं होतं. "म्हातारपण असतं" म्हणून मी सुटू शकले असते. जिभेवर तेच तयार होतं.

मी सगळं सांगितलं. टाचा, पंधरा श्वास, सात पानं, दोन कप चहा, बालवाडीच्या खुर्च्या. तुम्ही चिडलेल्या नव्हतात, घाबरलेल्या होतात, हेही. मला पाय दिसत होते आणि मी गप्प राहिले, हेही. तेवढं सांगताना माझा आवाज सपाट राहिला नाही.

क्लेअरनं स्कार्फ हातावरून सोडवून ठेवला. मग म्हणाली, "तू मला ऑक्टोबरमध्ये सांगायला हवं होतंस."

"हो."

"मी तिला डॉक्टरकडे नेलं असतं. अल ऐन ठरवलंच नसतं. ती शेवटचे दिवस त्या पानांशी झगडत बसली नसती."

"हो."

"आणि ती तुझ्याशी पुन्हा कधी बोलली नसती."

"तेही खरं."

ती खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, ऑफिसं सुटायची वेळ. तिथूनच तिनं विचारलं, "मग त्या वेळी ती माझ्याकडे बघत नव्हती?"

बाई, इथे मला खोटं बोलता आलं असतं, आणि ते फार सोपं होतं. पण एकदा खोटं बोलून झालं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी पायांकडे बघत होते. तोंडाकडे बघायचं नाही असा नियम होता."

"बघत होती," क्लेअर म्हणाली. "तेवढं मला पक्कं माहीत आहे. थेट माझ्याकडे." ती वळली. तिचा चेहरा पडला होता. "म्हणजे ती माझ्याकडे शब्द मागत होती, नसीम. आणि मी नुसती हसत बसले होते. मला तिचं एक वाक्यसुद्धा पाठ नव्हतं. मी तिची मुलगी, आणि मला एकही..."

मी उठून तिच्याजवळ गेले. तुम्ही असेपर्यंत मी तिला कधी हात लावला नव्हता, ती साहेबाच्या जागी होती माझ्यासाठी. आज तिचे दोन्ही हात धरले.

"ते तुमचं काम नव्हतं, क्लेअर," मी म्हटलं. "ते माझं होतं."